देवेंद्रचा चाकू

बाळंतिणीच्या अंगावर लोखंड हवंच, म्हणजे बाहेरचं काही जवळ फिरकत नाही, असं गोदाबाईंचं ठाम मत. बालाघाटच्या त्या घरात विळा होता, पण विळा अंगाला बांधून हिंडणार कोण? मग त्यांनी सुनेसाठी मुलाचा घडीचा चाकू काढला, पाठीवर स्टीलची क्लिप असलेला. देवेंद्र वायरमन होता. पावसाळ्याआधी हट्टा गावात लग्नाच्या मांडवात लाइट लावताना त्याला करंट लागला आणि तो जागीच गेला. त्याला घरी आणलं तेव्हा चाकू पँटच्या खिशाला तसाच होता.

"ज्योत्स्ना, कमरेले लाव. न्हाणीत गेली तरी काढू नको," गोदाबाईंनी बजावलं. "अन् निजताना तान्ह्या ओवीच्या उशाखाली ठेवजो."

ज्योत्स्नाने क्लिप परकराच्या नाडीत अडकवली, तर वाकताना पोटाला टोचायची. ब्लाउजला लावून पाहिली, तर पाजताना पोरीला लागायची. "मेल्याला नागपुरातून हाच चाकू आणायचा होता," असं सवयीनं तिच्या तोंडून निघालं, आणि तिनं जीभ चावली. शेवटी चाकू कमरेलाच राहिला.

मग रोज तिन्हीसांजेला बाहेर कुणीतरी यायला लागलं. आधी जळक्या वायरीचा वास. मग पायरीवर चपलेचा चिखल खरवडल्याचा आवाज, अगदी देवेंद्र खरवडायचा तसा. पावलं उंबऱ्यापर्यंत यायची आणि थांबायची. ओवी रडता रडता गप्प होऊन दाराकडे बघत राहायची.

ज्योत्स्नाला भीती वाटायची. पण भीतीपेक्षा तिला त्या उंबऱ्याचाच राग यायचा. पोटाला कान लावून तासन्‌तास बसणारा माणूस, लेकीचं तोंड न पाहता गेला, आणि आता त्याचाच चाकू त्याला दाराबाहेर अडवतोय. हा कुठला न्याय? पण काढला, आणि बाहेर दुसरंच कुणी असलं तर? तान्ह्या पोरीचा जीव. या विचारानं तिचा हात नाडीवरून परत फिरायचा.

त्या संध्याकाळी गोदाबाई दूध आणायला गेल्या होत्या. पायरीवर चप्पल खरवडली गेली, आणि बाहेर कुणीतरी घसा साफ केला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. ज्योत्स्नाने चाकू काढला. आता ठेवायचा कुठे? दारालगतच्या खुंटीवर देवेंद्रची खाकी पँट होती. बाकी कपडे गोदाबाईंनी वाटून टाकले होते, या पँटला मात्र दोघींनीही हात लावला नव्हता. ज्योत्स्नाने घाईघाईत चाकू तिच्या खिशाला लावला.

वास उंबरा ओलांडून आत आला. पाळण्याची दोरी करकरली.

तेवढ्यात गोदाबाई दारात उभ्या. त्यांनी सुनेची रिकामी कंबर पाहिली, खुंटी पाहिली, मग नाकानं खोल श्वास घेतला.

"आई, मी..." ज्योत्स्नाने पदर कमरेवर ओढला.

गोदाबाईंनी दुधाचं भांडं खाली ठेवलं आणि पँटचा चाकू काढला. आता तो पुन्हा आपल्या कमरेला येणार, म्हणून ज्योत्स्ना पाळण्याला घट्ट धरून उभी राहिली. गोदाबाईंनी चाकू दुसऱ्या खिशाला लावला.

"डावखुरा होता थो. उजव्या खिशात कसा सापडन त्याले?"

मग पाळण्याकडे न बघता म्हणाल्या, "पाहून घे, बाबू. अन् मंग जाजो. पोरगी लहान हाये."

आणि जाणाऱ्याला वाट हवी म्हणून त्या दारातून बाजूला सरल्या.