बाबा, बंद करा ना

आमचे बाबा कॉम्प्युटरवर एकदा काही उघडलं की बंद म्हणून करत नाहीत. मेल उघडी, फोटो उघडे, गाणी उघडी, आणि मशीन रखडलं की धाकट्याच्या नावाने शंख. धाकटा म्हणजे माझा भाऊ. तो दुसऱ्या शहरातून फोनवर ओरडायचा, "बाबा, बंद करा ना!" बाबा ऐकतील तर शपथ. शेवटी वैतागून त्याने बाबांच्या त्या लिनक्सवाल्या मशीनवर एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, बसवली. रोज दुपारी चारला ती एकेका प्रोग्रामचा डेटाबेस, म्हणजे आतला साठा, झाडूनपुसून घट्ट करायची. प्रोग्राम उघडा असला तर त्याला हात लावायची नाही. कोपऱ्यात चिठ्ठी टाकून वाट बघायची, बंद झाला की झाडायला घ्यायची. चिठ्ठ्या त्याने तऱ्हेतऱ्हेच्या लिहून ठेवल्या होत्या. कधी "बाबा, कठीण आहे तुमचं", कधी नुसतंच "बरं, नंतर येतो."

धाकट्याला जाऊन वर्षही झालं नाही. अपघातात तो गेला, त्याचा फोन गेला. चिठ्ठ्या मात्र येतच राहिल्या. पहिल्यांदा "नंतर येतो" वाचलं तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बाबा शांतपणे म्हणाले, "चार वाजले वाटतं."

त्याचा आवाज उरला होता तो एकाच ठिकाणी. बाबांना लांबलचक वाचायला त्रास होतो म्हणून त्याने नोंदींच्या प्रोग्राममध्ये सगळं बोलून ठेवलं होतं. विजेचं बिल कसं भरायचं, फोटो मोठा कसा करायचा. मध्येच हसणं, मध्येच "अहो, तिकडे नाही, इकडे!" बाबा रोज जेवण झालं की ते ऐकायचे. बिल मीच भरते.

परवा त्यांच्या हातून ते सगळं पुसलं गेलं. त्यांना पत्ताच नाही. "दिसत नाही गं, कुठे गेलं?" म्हणत बसले. मी धाकट्याच्या मित्राला, खटपट्याला, फोन लावला.

"ताई, पुसलेलं लगेच जात नाही," तो म्हणाला. "आवाज अजून आत आहे. फक्त ती झाडलोट होता कामा नये. झाली की संपलं."

"मग बंद कर ना मेली ती झाडलोट!"

"पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. मशीन बंद केलंत तर जाता जाताही झाडेल ते. तुम्ही तो नोंदींचा प्रोग्राम उघडा ठेवा, बस. परवा संध्याकाळी येऊन मी डिस्कच काढून नेतो."

बाबांच्या ज्या खोडीवर तो जन्मभर चिडला, तीच आता त्याचा आवाज राखणार होती. मला हसू आलं आणि रडूही.

बाबांना मी दरडावलं, "नोंदी सापडतील, पण तोवर कशालाही हात लावायचा नाही. कळलं?" तुमच्याच बोटाने गेलं, हे सांगायची छाती झाली नाही. एरवी माझी जीभ कुणाच्या बापाला घाबरत नाही.

आज चार वाजता मी चहा गाळत होते. मशीनचा पंखा घुरघुरायला लागला. रोज तो जरासा घुरघुरून गप्प होतो. आज थांबेना. वाढतच गेला.

मी धावले. बाबा खुर्चीत ताठ बसले होते, शाळेत उत्तर बरोबर आल्यासारखे.

"काय केलंत?"

"बंद केलं. 'एकदा तरी ऐका माझं, मी थांबलोय' म्हणाला गं तो." त्यांनी स्क्रीनवरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. "मी कधी ऐकलं नाही त्याचं, म्हणून रुसून सगळं लपवून बसला असेल. म्हटलं, आज ऐकावं."

त्या मशीनच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं मला. पंखा थांबला. कोपऱ्यात नवी चिठ्ठी आली, आजवर कुणी न पाहिलेली.

"शाब्बास, बाबा! सगळं स्वच्छ."

"बघ, खूश झाला," बाबा म्हणाले. "आता बोलेल ना गं?"

"संध्याकाळी खटपट्या येतोय ना," मी म्हटलं आणि चहाचा कप त्यांच्या हातात दिला. तो तसाच धरून ते मशीनकडे कान लावून बसले.