किती जण राहणार

लॅपटॉप जरा उंच व्हावा म्हणून सुलेखाने त्याखाली सासऱ्यांचाच जर्मन शब्दकोश सरकवला. पद्माकरांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

सिंगापुरात पाया लेबारच्या ऑफिसातली त्यांच्या मुलाची, सारंगची नोकरी संपत आली होती. नवी मिळाली ती जर्मनीत, जंगलाने वेढलेल्या नदीकाठच्या एका छोट्या गावात. तिथल्या घरमालकीणबाईंना जर्मनशिवाय काही येत नव्हतं, आणि बोलून पारखल्याशिवाय त्या घर देत नसत. पद्माकरांनी पुण्यात उभा जन्म जर्मन शिकवलं होतं. जर्मनी मात्र पाहिली नव्हती. सारंगचा नोकरीवरचा राहण्याचा पास संपला की त्यांनाही सिंगापूर सोडावं लागणार होतं. त्यांनी कुठे जायचं, हे कोणी बोललं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं. फक्त लोकरी मोजे आणून कपाटात ठेवले होते.

"आजोबा, don't be shy lah," जाई म्हणाली.

पडद्यावर घरमालकीणबाई भरभर बोलत, शब्दांचे शेवट गिळत. तरी आपल्याला समजतंय, याचंच पद्माकरांना नवल वाटत होतं. जिना पाळीपाळीने झाडायचा, रविवारी खिळासुद्धा ठोकायचा नाही, असं ते मराठीत सांगत गेले. मग बाईंनी फोन खिडकीशी नेला. खाली नदी, लाकडी पूल, पलीकडे काळपट झाडी.

बाईंनी पुढचा प्रश्न विचारला. या वेळी पद्माकरांनी सारंगकडे पाहिलं नाही. उत्तर स्वतःच देऊन टाकलं.

बाई थांबल्या. चौघं कशी? तुमच्या मुलाने तर तिघं कळवलंय, नवरा-बायको आणि मुलगी. खोल्याही तेवढ्याच आहेत.

पद्माकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिघंच, ते जर्मनमध्ये म्हणाले, माफ करा. बाई हसल्या. परक्या भाषेत आकड्यांचा घोळ व्हायचाच, म्हणाल्या.

"काय झालं, बाबा?" सारंगने विचारलं.

"किती जण राहणार, विचारत होत्या. आकडा चुकला माझा."

"तुमचा?"

"सराव राहिला नाही."

सुलेखा टेबलावरची चहाची कपबशी उगाच सरळ करत राहिली. सारंगने घसा खाकरला.

"थंडीत नदी गोठते का, विचारा ना त्यांना."

पद्माकरांनी विचारलं. उत्तर लांबलचक होतं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि एकही शब्द न गाळता मुलाला सांगितलं.