भिजवलेले मनुके

“मॅडम, तुमचं कुत्रं मिसळ खातं का? आणि खाल्लीच, तर तर्री वेगळी मागतं का?”

सगळी नववी ब खो खो हसली. हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज शेजारी बसलेल्या पूनमने लावली होती आणि विजयश्री आता पैजेला मागे हटणाऱ्यांतली राहिली नव्हती. गेल्या वर्षापर्यंत हजेरीसुद्धा पुटपुटत देणारी ही पोरगी. पण ऑगस्टमधल्या वक्तृत्व स्पर्धेत तिने जो माइक धरला, तो जणू अजून खाली ठेवलाच नव्हता.

प्राण्यांच्या डॉक्टर सुहासिनी शाळेत व्याख्यान द्यायला आल्या होत्या. त्या हसल्या. “मागेल गं, पण मी देणार नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. साधा भात, उकडलेलं गाजर, नुसतं शिजवलेलं चिकन थोडं थोडं चालतं. चॉकलेट नको. आणि द्राक्षं, मनुके तर एकही नको. किडन्या जातात.”

विजयश्री मटकन खाली बसली.

आई तिच्यासाठी रोज रात्री दहा काळे मनुके भिजत घालायची. “खा, रक्त वाढतंय.” ते बुळबुळीत मनुके विजयश्रीच्या घशाखाली उतरत नसत. आठवडाभर ती गॅलरीत जाऊन ते छर्र्याला चारत होती. छर्रा म्हणजे तीन महिन्यांचं पिल्लू, तिच्या पप्पांनी चाकणला कंपनीच्या गेटवरून उचलून आणलेलं. कालपासून ते ओकत होतं. आईने सकाळीच खालच्या मजल्यावरच्या कौशल्याआजींना दारात गाठलं होतं.

“तुमच्या त्या चहा-पोळीनंच लेकरू आजारी पडलंय. पुन्हा हात लावायचा न्हाई त्याला!”

आजी एकट्या राहायच्या. हातातली पोळी पदराआड घेऊन त्या आत गेल्या. जिन्यात उभ्या विजयश्रीला तेव्हा वाटलं होतं, बरं झालं, आई बोलली ते.

व्याख्यान संपताच तिने डॉक्टरांना फाटकाशी गाठलं. “मॅडम, माझ्या एका मैत्रिणीच्या पिल्लाने मनुके खाल्लेत. रोज दहा.”

“मैत्रिणीला म्हणावं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात घेऊन ये.”

विजयश्रीने घरी धावत जाऊन आईला एवढंच सांगितलं, डॉक्टरांनी छर्र्याला लगेच आणायला सांगितलंय. तासाभरात छर्रा सुहासिनींच्या चिखलीतल्या दवाखान्यात टेबलावर होता. आईने सांगायला सुरुवात केली, “खालच्या बाई चहा-पोळी देत्यात हो—” डॉक्टर मात्र विजयश्रीकडे बघत होत्या. “नीट सांगा. उपचार त्यावरच ठरणार.”

शाळाभर गाजणाऱ्या विजयश्रीने नजर टेबलाकडे वळवली. छर्र्याने मान उचलायचा प्रयत्न केला आणि त्याला ती उचलवली नाही. मग तिने सगळं सांगून टाकलं.

रक्त तपासलं. किडन्यांवर ताण आला होता. सलाईन लागली. “दोन-तीन दिवस इथेच राहू दे,” डॉक्टर म्हणाल्या. “आशा आहे. पण खात्री आज देत नाही.”

रिक्षात आई नुसती बाहेर बघत बसली. रागावली असती तर बरं, असं विजयश्रीला वाटत राहिलं. रोज झोपायच्या आधी आई मोजून दहा मनुके वाटीत टाकायची, तेवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

फर्स्ट शिफ्ट करून पप्पा घरी आले होते. सगळं ऐकून ते म्हणाले, “झालं ते झालं. आजी विसरतील दोन दिवसांत. आपणहून विषय कशाला काढायचा?”

“मी तरी कोणत्या तोंडानं जाऊ?” आई म्हणाली. “नको नको ते बोलले मी त्यांना.”

“तू बोललीस, पण मी ऐकत उभी होते ना,” विजयश्री म्हणाली. तिने चपला पायात सरकवल्या. “पप्पा, आई, मी खाली चाललेय. छर्रा माझ्यामुळे आजारी पडला, हे आजींना मी स्वतः सांगणार. आणि तो घरी आला की त्याचा भात मी शिजवणार, भरवायला मात्र आजींना बोलावणार. तुम्ही दोघं इथेच थांबा, मी एकटीच जाते.”