अस्वलमामाचा हात

मित्रांनो, मी एक जुना लाकडी अस्वलमामा आहे आणि माझा उजवा हात कायम पुढे असतो. कुणाला हा हात आशीर्वादाचा वाटतो, कुणाला मी काहीतरी मागतोय असं वाटतं. खरं म्हणजे मी तुमची उंची मोजतो. पार्कात उडत्या खुर्च्यांचा मोठा पाळणा आहे. त्याच्या रांगेच्या तोंडाशी मी उभा असतो. मुलानं माझ्या हाताखाली ताठ उभं राहायचं. डोकं तळव्याला टेकलं तर आत जायचं, नाही टेकलं तर मुकाट्यानं आईबाबांचं बोट धरून परत फिरायचं. एवढंच माझं काम. पण ते करताना माझ्याकडून एकदा फार वाईट घडलं. ते लपवावंसं वाटतं, म्हणूनच सांगतो.

माझा जन्म एका किरकिऱ्या सुताराच्या दुकानात झाला. त्याचं कुणाशी पटायचं नाही, पण लाकडाशी छान पटायचं. पाळणा बसवणारे इंजिनियर त्याच्याकडे आले आणि त्यांनी माझ्या हाताची उंची लिहून दिली, एकशेवीस सेंटिमीटर. एकशेवीसच का, असं सुतारानं विचारलं, कारण त्याला प्रत्येक गोष्टीत का विचारायची खोडच होती. इंजिनियरांनी स्टूल ओढलं, त्यावर सुतारालाच बसवलं आणि मांडीवर फूटपट्टी आडवी धरून समजावलं. प्रत्येक खुर्चीच्या पुढे असा एक लोखंडी दांडा येतो. मूल पुरेसं उंच असेल तर दांडा त्याला धरून ठेवतो. ठेंगणं असेल तर पाळणा वेगात फिरताना ते दांड्याखालून सरकतं. एका बोटाचाही फरक चालायचा नाही, असं त्यांनी बजावलं. सुतारानं तीनदा मोजून मग माझा हात ठोकला. रंगाऱ्याला तो म्हणाला, "तोंड चांगलं हसरं काढ बाबा. याला रोज पोरांना रडवायचंय."

रंगाऱ्यानं मला तपकिरी अंग दिलं, लाल बंडी दिली आणि पोटावर मोठ्या पांढऱ्या अक्षरात १२० असा आकडा काढला. मग मला इथे आणून सिमेंटमध्ये घट्ट रोवलं. तेव्हापासून मी ऊन, वारा, पाऊस सगळं अंगावर घेत उभा आहे.

सुरुवातीची वर्षं फार मानाची गेली, मित्रांनो. मुलं माझ्याशी हात मिळवायची, माझ्या गळ्यात पडून फोटो काढायची. आणि माझी फसवणूकही करायची, म्हणजे मुलं कमी, त्यांचे आईबाप जास्त. एका बाबांनी मुलाच्या बुटात वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या होत्या. एका मावशीनं भाचीचा अंबाडा असा उंच बांधला होता, की तो माझ्या हाताला लागला पण डोकं चांगलं वीतभर खाली राहिलं. पाळणा चालवणारे काका हे सगळे प्रकार ओळखून होते. मोठी माणसं हुज्जत घालू लागली की ते शांतपणे माझ्याकडे बोट दाखवायचे. "माझ्याशी नका भांडू. अस्वलमामाशी भांडा." माझ्याशी भांडून काही उपयोग नाही हे पाहिल्यावर लोक हसायचे आणि निघून जायचे. काकांचा माझ्यावर फार विश्वास होता. इतका, की पुढे पुढे ते मुलाकडे बघेनासेच झाले. ते फक्त माझा तळवा आणि मुलाचं डोकं यांच्यामधली फट बघायचे. फट दिसली नाही की मूल मोठं.

गेल्या वर्षी सुट्टीत एक कुटुंब आलं होतं. बाबा कारखान्यात पाळीवर काम करणारे, आई घरी शिवणकाम करणारी, एक आठ वर्षांचा दादा आणि त्याची पाच वर्षांची बहीण. घरात सगळे तिला पिटुकली म्हणायचे. ती माझ्या हाताखाली येऊन उभी राहिली आणि तिनं श्वास रोखून मान जेवढी ताणता येईल तेवढी ताणली. तरी फट राहिलीच. दादा आत गेला आणि पिटुकलीनं भोकाड पसरलं. आईनं वाकून फटीत आपली बोटं घालून बघितली आणि तिची समजूत घातली, "चारच बोटं कमी आहेस गं. पुढच्या वर्षी बसशील." पिटुकलीनं डोळे पुसले आणि माझ्याकडे असं रोखून बघितलं, की ही पोर पुढच्या वर्षी नक्की येणार हे मला कळून चुकलं.

ती आलीच. पण त्याआधी माझ्या बाबतीत एक गोष्ट घडली होती.

रांगेच्या जागी पाण्याची डबकी साचतात, लोकांच्या चपला भिजतात, अशा तक्रारी येत होत्या. म्हणून व्यवस्थापकांनी तिथे नवी फरशी घालायची ठरवली. गवंडी आले. त्यांनी जुनी जमीन उकरली नाही, तिच्यावरच सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा जाड थर दिला आणि वर फरशी बसवली. माझ्यापाशी आल्यावर एका गवंड्यानं विचारलं, हे अस्वल उपटून वर घ्यायचं का? त्यावर मुकादम म्हणाला, कशाला उगाच उपद्व्याप, फरशी कापून भोवतीनं बसव. गवंडी हाताचा कसबी होता. त्यानं माझ्या घोट्याभोवती फरशी इतकी बेमालूम बसवली, की व्यवस्थापकांनी त्याची पाठ थोपटली. काकांनाही आनंद झाला, कारण त्यांचे पाय आता कोरडे राहणार होते.

माझी पावलं मात्र फरशीखाली गाडली गेली. जमीन तीन बोटं वर आली आणि मी होतो तिथेच राहिलो. पोटावर एकशेवीस आणि हात एकशेपंधरावर! मित्रांनो, त्या दिवसापासून मी खोटं बोलू लागलो. मला तोंड आहे, पण ते रंगवलेलं आहे. त्यातून शब्द कसा फुटणार? रोज दोन-चार लहानगी माझ्या हाताला डोकं टेकवून ऐटीत आत जायची आणि पाळणा थांबेपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा. एकदा एक मुलगा खाली उतरला तो पांढराफटक पडलेला. मजा आली का, असं त्याच्या आत्यानं विचारलं, तेव्हा त्यानं नुसतीच मान हलवली. त्याच्यावरून काहीतरी ओळखायला हवं होतं. कुणी ओळखलं नाही.

फरशीला दोन महिने झाले असतील, तेव्हा पिटुकली आली. दिवस सुट्टीचा होता आणि रांग पार सरबताच्या गाडीपर्यंत गेली होती. या सहलीचा बेत बाबांच्या जादा पाळीमुळे आधी दोनदा फिसकटला होता, त्यामुळे आज कुणाचा हिरमोड होऊ द्यायचा नाही असं बाबांनी ठरवूनच टाकलं होतं. पिटुकली धावत माझ्या हाताखाली आली आणि तिचं डोकं तळव्यावर चक्क आपटलं. काय तिचा आनंद सांगू! डोकं चोळत ती दादाला म्हणाली, "बघ, मी मोठी झाले." काकांनी फट बघितली. फट नव्हती. त्यांनी रांगेच्या तोंडाची साखळी काढली.

आई मात्र जागची हलली नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईची नजरच वेगळी असते, ती माप विसरत नाही.

"अहो, थांबा जरा," ती बाबांना म्हणाली. "गेल्या वर्षी ही चार बोटं कमी होती. परवाच मी हिच्या फ्रॉकची दुमड सोडली, वर्षात ही दोनच बोटं वाढलीय. मग उरलेली दोन कुठून आली?"

बाबा हसले. मुलांची वाढ काय कापड आहे का, असं काहीतरी ते म्हणाले. मागून एकानं, चला की हो बाई, म्हणून घाई केली. आईनं काकांकडे पाहिलं तर त्यांनी सवयीनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि अस्वलमामाशी भांडा म्हणून सांगितलं. सगळी रांग खळखळून हसली. आई बिचारी ओशाळली. पोरीचं फुललेलं तोंड तिच्यासमोर होतं आणि चार माणसांत आपलंच हसं झालं होतं. ती गप्प बसली. भावंडं आत जाऊन एका जोडखुर्चीत बसली. काकांनी दांडा खाली ओढून अडकवला आणि ते आपल्या बटणांच्या खोक्यात गेले.

त्या क्षणी मला काय वाटत होतं ते मी कुणाला सांगू? आई माझ्या अगदी शेजारी उभी होती. हिला समजू दे, हिला समजू दे, एवढंच मी मनात म्हणत होतो.

आईच्या मनातून ती दोन बोटं जात नव्हती. तिची नजर माझ्या पोटावरच्या आकड्यावर गेली. तो आकडा आजवर हजारोंनी वाचला होता, पण मोजून कुणी बघितला नव्हता. तिनं पिशवीतून आपली टेप काढली, एक टोक माझ्या तळव्याला लावलं, दुसरं सरळ फरशीवर सोडलं. मग वाकून आकडा वाचला आणि पुन्हा एकदा वाचला.

तेवढ्यात घंटा झाली आणि खुर्च्या हलल्या.

आई साखळीखालून वाकून धावली. ती ओरडली नाही. काकांच्या खोक्यापाशी जाऊन तिनं एकशेपंधरावर बोट ठेवून टेप त्यांच्यासमोर धरली आणि म्हणाली, "पाळणा थांबवा. तुमचं अस्वल खोटं आहे."

काकांनी आधी टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच फट सोडून खाली, माझ्या पायांकडे बघत होते. माझी पावलं दिसत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. त्यांनी लाल बटण दाबलं.

पण असा पाळणा बटण दाबल्याबरोबर थांबत नाही, मित्रांनो. त्याला दोन फेरे लागतात. पहिल्या फेऱ्यात खुर्ची आमच्यासमोरून गेली तेव्हा दांडा पिटुकलीच्या छातीशी होता. दुसऱ्या फेऱ्यात तो तिच्या हनुवटीखाली होता. तिचं अर्धं अंग खुर्चीच्या बाहेर लोंबत होतं आणि दादानं स्वतःचा आधार सोडून दोन्ही हातांनी तिचा दंड आणि फ्रॉक गच्च धरला होता. ती रडत नव्हती, तिच्या तोंडून आवाजच निघत नव्हता. आईनं डोळे मिटले नाहीत. ती एकटक त्या खुर्चीकडे बघत उभी होती आणि टेप तिच्या मुठीत चुरगळली होती. खुर्ची खाली आली तसे बाबा धावले आणि त्यांनी पिटुकलीचे पाय कवेत घेतले. दादाची बोटं मात्र सुटेनात. ती एकेक करून सोडवावी लागली.

हनुवटी खरचटली होती, दंडावर काळेनिळे वळ उठले होते, फ्रॉकची बाही उसवली होती. तेवढ्यावर निभावलं.

काकांनी पाळणा बंद केला. व्यवस्थापक रागानं तणतणत आले, एवढ्या गर्दीच्या दिवशी पाळणा बंद का म्हणून. आईनं त्यांनाही टेप लावून दाखवली. आकडा वाचून त्यांनी स्वतःच साखळी पुन्हा अडकवली. रांगेतले लोक मात्र कुरकुरत पांगले. त्यातल्या कुणी आईचे आभार मानले नाहीत. आपलं मूलही याच हाताखालून आत जाणार होतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नसावं.

बाबा पायरीवर बसले होते. पिटुकलीचा एक बूट त्यांच्या हातात होता आणि तो तिच्या पायात घालायचं त्यांना सुचत नव्हतं. "तू सांगत होतीस," एवढंच ते आईला म्हणाले. आईनं मान हलवली. "सांगत होते. पण गप्पही मीच बसले ना," ती म्हणाली.

पिटुकली आता हुंदके देत होती. मला मोज, मला मोज, असा तिनं एकच धोशा लावला. आईनं तिला माझ्यापासून लांब, भिंतीशी उभं केलं आणि टेप लावली. एकशेसोळा. अजून दोन बोटं कमी. आईनं ते तिला हळूच सांगितलं.

पिटुकलीनं जरा विचार केला आणि विचारलं, "आई, मी परत लहान झाले का?"

आईनं तिला जवळ घेतलं. "नाही गं राणी. तू होतीस तेवढीच आहेस. आम्हीच नीट बघितलं नाही."

पण पिटुकलीला ते पटलं नाही. आईचा हात सोडून ती माझ्याकडे आली, पुन्हा माझ्या हाताखाली उभी राहिली आणि तिचं डोकं पुन्हा माझ्या तळव्याला टेकलं. तिनं मान वर करून माझ्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं. मित्रांनो, त्या वेळी मला ते हसू पुसून टाकावंसं वाटलं. पण मी तसाच दात काढून हसत राहिलो आणि ती एक बूट घालून, लंगडत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतः फरशी फोडून मला बाहेर काढलं. आता मी गोदामात भिंतीला टेकून उभा आहे. माझ्या पायांखाली तीन बोटं उंच पाट लावून मला पुन्हा रोवणार आहेत म्हणे. काका अधूनमधून येऊन माझ्यासमोर बसतात. त्यांच्या मनात काय असतं ते मला ठाऊक आहे, कारण माझ्याही मनात तेच असतं. दोन महिन्यांत ज्यांना आम्ही आत सोडलं, ती सगळी छोटी डोकी मला आठवतात.

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागतो. कुठल्या पाटीवर, कुठल्या काट्यावर डोळे मिटून विसंबू नका. ते जागच्या जागी आहेत ना, हे मधूनमधून मोजून बघा. आणि सगळी रांग पुढे सरकत असताना तुमची आई एकटीच थांबून पुन्हा मोजू लागली, तर तिला हसू नका. तिच्याजवळ जाऊन टेपचं दुसरं टोक धरा.