पंधरावा टी-शर्ट

ओहायोतल्या त्या छोट्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना आपला मुख्य विषय जाहीर करायला शुक्रवारी पाचपर्यंत मुदत होती. डीनने प्रोफेसर अल्मा टीगार्डन यांना स्वच्छ सांगितलं होतं, यंदा पंधरा मुलं मिळाली नाहीत तर तत्त्वज्ञान विभाग बंद. गेल्या वर्षी चार आली होती, त्यातलाही एक वाट चुकून.

पण यंदा नशीब फिरलं. कॉलेजच्या एका जुन्या विद्यार्थ्याला बड्या बिझनेस स्कूलमध्ये प्रवेश मिळाला आणि त्याने कॉलेजच्या पेपरात लिहिलं, की तिथे अर्थशास्त्रवाले पैशाला पासरी, मला तत्त्वज्ञानाने तारलं. झालं! प्लेटो कशाशी खातात हे ठाऊक नसलेली पोरं अल्माबाईंच्या दारात फॉर्म घेऊन रांगेला लागली. "माणूस विचार कसा करतो ते समजून घ्यायचंय," असं प्रत्येक जण घोकून आल्यासारखं म्हणायचा. बाई मान डोलवायच्या, सही करायच्या आणि रिवाजाप्रमाणे विभागाचा टी-शर्ट हातात ठेवायच्या. त्याच्या छातीवर एकच शब्द होता, 'कशावरून?' बाईंना मनातून लाज वाटत होती, पण तीस वर्षांचा संसार वाचत होता.

साडेचारपर्यंत चौदा झाले. खोक्यात एकच शर्ट उरला आणि ट्रेव्हर पेल्फ्री आत आला. बाई त्याच्या सल्लागार होत्या. त्यांच्या तर्कशास्त्रात तो कसाबसा काठावर पास झाला होता, संख्याशास्त्रात मात्र वर्गात पहिला.

"प्रोफेसर, मला पुढे बिझनेस स्कूलला जायचंय. त्यांना तत्त्वज्ञानवाले आवडतात म्हणे. खरंय?"

"म्हणतात खरं." बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"कशावरून?"

बाईंचा हात थांबला. चौदा जणांनी तो शब्द काखोटीला मारून नेला होता, विचारला या एकट्याने.

"एका पोराच्या लेखावरून," त्या म्हणाल्या.

"एकाच? संख्याशास्त्रात असल्या पुराव्याला कोणी हिंग लावून विचारत नाही."

"बिझनेस स्कूलवाले मार्क बघतात, ट्रेव्हर. आणि माझ्याकडे तुला किती पडतात ते तू जाणतोस. संख्याशास्त्राचं काय?"

"ते मी मजेत करतो."

"मग इथे काय झक मारतोयस? जा वरच्या मजल्यावर, संख्याशास्त्र विभागात. पळ!"

"पण तुमचे पंधरा? सगळ्या कॉलेजला माहितीय."

"ते माझं मी बघते."

पाचला दहा कमी असताना तो धापा टाकत परत आला. संख्याशास्त्राच्या फॉर्मवर सल्लागाराची सही हवी होती. बाईंनी ती केली. मग खोक्यात वाकून शेवटचा शर्ट काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"अहो, पण मी तर तुमच्याकडे नाही आलो."

"घे रे," बाई म्हणाल्या. "चौदा वाटले, पण मापाचा माणूस एकच आला."