वरच्या फळीवरचा डबा

इन्क्युबेटरमध्ये चोवीस बशा होत्या आणि एक डबा.

मधल्या फळीवर काळ्या शाईची खूण केलेल्या आठ बशा. खालच्या फळीवर लाल खुणेच्या आठ आणि निळ्या खुणेच्या आठ. सगळ्यात वरच्या फळीवर, अगदी मागच्या कोपऱ्यात, झाकणाला पोचा आलेला स्टीलचा डबा. बशा थोरलीच्या होत्या. डबा धाकटीचा होता आणि त्यात दही होतं.

रविवारची सकाळ होती. प्रयोगशाळेत चिटपाखरू नव्हतं. धाकटी डबा काढून न्यायला आली होती. खरं तर तो शनिवारीच न्यायचा, पण शनिवारचा दिवस कपडे धुण्यात आणि बाजारहाट करण्यात गेला आणि डबा राहून गेला. तिने हात घालून तो उचलला, तर बोटांना ओलं लागलं.

डबा कलंडला होता. पोचा आलेल्या बाजूने झाकण उचललं गेलं होतं आणि दह्याला सुटलेलं पाणी तारांच्या फळीतून थेंब थेंब खाली उतरलं होतं.

तिने एकेक बशी उजेडाकडे धरून पाहिली. बशीत असायला हवे होते ते थोरलीने मातीतून वेगळे केलेले जंतू. फिकट, खरखरीत, मोहरीएवढे ठिपके. वाढायला दोन महिने घेणारे. पण काही बशांत त्यांच्या शेजारी दुसरेच ठिपके आले होते. पांढरे, ओले, चकचकीत. काळ्या खुणेच्या पाच बशांत ते स्पष्ट दिसत होते. सहावीत अगदी कडेला काहीतरी चमकत होतं, ते डाग की पाण्याचा थेंब हे नुसत्या डोळ्यांनी कळेना. लाल खुणेच्या दोन गेल्या होत्या, निळ्याची एक. म्हणजे संशयाची धरून नऊ. तिने पुन्हा मोजल्या. नऊच भरल्या.

मग तिने जे केलं ते विचार न करता केलं. कागदी रुमालावर स्पिरिट ओतून वरची फळी पुसली, मधली पुसली, रुमाल कचऱ्यात टाकला, डबा ओढणीत गुंडाळून पिशवीत कोंबला आणि बशा होत्या तशा लावून दार बंद केलं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. थोरलीची चाल ती झोपेतही ओळखू शकली असती.

थोरली वयाने तिच्याहून चार वर्षांनी मोठी. संशोधनाचं तिसरं वर्ष. वर्षभरापूर्वी धाकटी या परक्या गावात दोन बॅगा घेऊन उतरली, तेव्हा स्टेशनवर घ्यायला आली होती ती थोरलीच. सख्खी नव्हे, लांबची नव्हे, कुठल्याच नात्याची नव्हे. पण पहिल्याच दिवशी धाकटीच्या तोंडून "ताई" गेलं आणि ते तसंच राहिलं.

"तू इतक्या सकाळी?" थोरलीने विचारलं.

धाकटी म्हणाली की माझ्या प्रयोगाच्या बाटल्या बघायला आले होते. थोरलीने मान हलवली, कोट चढवला आणि इन्क्युबेटरचं दार उघडलं. धाकटीला तिची फक्त पाठ दिसत होती. पाठ हळूहळू ताठ होत गेली. बशा उचलल्या-ठेवल्याचा आवाज येत होता.

"फळी ओली आहे," थोरली शेवटी म्हणाली. तिने बोट फिरवून वास घेतला. "कोणीतरी पुसलीय ही. फडकं घेऊन आत हात घातलाय. माझ्या बशांवरून."

धाकटीने पिशवीचा बंद खांद्यावर ओढून घेतला. त्या एका क्षणी बोलली असती तर सगळं वेगळं झालं असतं, हे तिला तेव्हाही कळत होतं.

"सफाईच्या बाई," थोरली म्हणाली. "दुसरं कोण पुसणार?"

सफाईच्या बाईंना महिन्यापूर्वीच एकदा समज मिळाली होती. त्यांनी झाडताना कोणाच्या तरी यंत्राची पिन काढली आणि परत लावायची विसरल्या. पुन्हा तक्रार आली तर दुसरी जागा शोधा, असं त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं गेलं होतं. बाई तेव्हा मान खाली घालून हातातल्या फडक्याला पीळ देत उभ्या होत्या. धाकटीला त्यांचे ते हात आठवले.

दोघी एकाच घरात राहत, तेव्हा घरीही बरोबरच निघाल्या. धाकटीच्या खांद्यावरच्या पिशवीत डबा डुचमळत होता आणि प्रत्येक पावलाला त्याचा आवाज आपल्यालाच नव्हे तर साऱ्या रस्त्याला ऐकू येतोय असं तिला वाटत होतं.

दह्याचं हे प्रकरण सुरू झालं थंडीमुळे. घरमालक दिवसभर हीटर बंद ठेवी आणि रात्री दोन तास लावी. स्वयंपाकघरात सोळा अंश. त्यात दूध विरजून ठेवलं की सकाळी दूधच. धाकटीने डबा स्वेटरमध्ये गुंडाळून पाहिला, उशीखाली घेऊन पाहिला, एकदा कुशीत घेऊन झोपली आणि अंथरूण भिजवून बसली. आईने निघताना एक पांढरा रुमाल विरजणात भिजवून, सावलीत वाळवून, घडी घालून दिला होता. तो कोमट दुधात बुडवायचा की घरचं दही. रुमाल होता, दूध होतं, ऊब तेवढी नव्हती. मग एकदा जेवताना थोरलीच हसत म्हणाली होती की या गावात सुखाने राहतात ते फक्त माझे जंतू, तीस अंशात लोळत पडलेले असतात. धाकटीने ते मनात धरून ठेवलं. जेवणाखाण्याची वस्तू प्रयोगशाळेत आणायची नाही, हे दारावरच लिहिलेलं होतं. पण तिने डबा बाहेरून स्पिरिटने दोनदा पुसला होता आणि तेवढ्याने आपण शास्त्राला धरून वागलो अशी स्वतःची समजूत घातली होती. दही आतून पुसता येत नाही, हे तिच्या डोक्यात आलं नाही.

पहिलं दही लागलं त्या रविवारी थोरलीने एक घास घेतला, थांबली, आणि न बोलता वाडगा पुढे केला. तो वाडगा आठवूनच धाकटीने पुढचे दोन शुक्रवार डबा नेऊन ठेवला होता. घरी बरोबर राहणाऱ्या दोघी मैत्रिणींनी विचारलं तेव्हा विभागातल्या गरम पाइपाजवळ ठेवते, असं सांगून मोकळी झाली.

दुपारी स्वयंपाकाची पाळी मुनीमजीची होती. ही तिसरी मैत्रीण हिशेबशास्त्र शिकायची, घरातल्या मिठाचाही हिशेब ठेवायची, म्हणून हे नाव. तिने भात टाकला होता, बटाटे परतले होते आणि गाणं गुणगुणत ताटं मांडली होती. दोघींचे चेहरे पाहून तिचं गाणं बंद पडलं.

थोरलीने तिला थोडक्यात सांगितलं. गुरुवारी समितीपुढे आकडे मांडायचे आहेत. प्रत्येक रंगाच्या निदान तीन बशा स्वच्छ हव्यात, त्याहून कमी असतील तर समिती आकडा धरतच नाही. लाल आणि निळ्याची काळजी नाही. काळ्या म्हणजे औषध न घातलेल्या. त्याच गेल्या तर बाकीच्यांची तुलना कशाशी करायची? आणि आकडे नसतील तर पुढच्या वर्षाची मुदतवाढ नाही. मुदतवाढ नाही म्हणजे अर्धं काम इथेच टाकून घरी.

"काळ्या किती राहिल्या?" मुनीमजीने विचारलं.

"दोन नक्की. तिसरीचं सांगता येत नाही. डोळ्यांसमोर अंधारी आली होती, नीट बघितलंच नाही मी."

मुनीमजीला दुसरं काही सुचेना, तेव्हा तिने वाढायला घेतलं. धाकटीची पिशवी खुर्चीला लटकलेली होती. नेहमीच्या सवयीने मुनीमजीने तीत हात घातला आणि ओढणी सोडून डबा टेबलावर ठेवला. धाकटी उठली, पण उशीर झाला होता.

"चार घास खा ताई. उपाशीपोटी रडता पण येत नाही नीट," मुनीमजी म्हणाली आणि थोरलीच्या भातावर दही वाढलं. मग स्वतः बोट लावून चाखलं. "आज आंबट झालंय गं, धाकटे. आणि पाणी किती सुटलंय. दोन दिवस ठेवलंस की काय?"

थोरली एका हाताने जेवत होती आणि दुसऱ्या हाताने फोनवर मॅडमना कळवत होती. मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. सफाईच्या बाईंनी इन्क्युबेटर उघडून आत ओलं फडकं मारलं, असं ती लिहीत होती आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होती. घास तोंडाशी गेला. धाकटी त्या घासाकडे बघत राहिली. तिच्या स्वतःच्या ताटातला भात गार होऊन त्याचा गोळा झाला होता.

"ताई, पाठवू नकोस."

"का?"

"बाईंनी नाही पुसलं. मी पुसलं."

थोरलीचं बोट फोनवर तसंच थांबलं. धाकटीने डब्याकडे बोट दाखवलं. पुढचं तिला एका दमात सांगता आलं नाही. तुटक तुटक सांगितलं, मागचं पुढे आणि पुढचं मागे. मुनीमजी मध्येच हसली, ही थट्टा आहे असं तिला वाटलं होतं. मग तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

थोरलीने चमचा ताटाच्या कडेला ठेवला. ती ओरडेल, डबा भिरकावेल, निदान उठून आत जाईल, असं धाकटीला वाटत होतं. थोरलीने प्रश्न विचारले. प्रयोगाबद्दल विचारावेत तसे.

"कुठल्या फळीवर?"

"वरच्या. मागे."

"किती वेळा ठेवलास?"

"तीनदा. सांडलं फक्त या वेळी. आधीच्या दोन्ही वेळी मी फळीला हात लावून बघितला होता, कोरडी होती."

"सकाळी मी बाईंचं नाव घेतलं तेव्हा तू तिथेच उभी होतीस."

हा प्रश्न नव्हता. धाकटीने मान हलवली.

थोरलीने लिहिलेलं पुसलं. ताटातला दहीभात बाजूला सारला, उठून हात धुतले आणि कोट घेतला. दारापाशी जाऊन ती वळली. "डबा घे," एवढंच म्हणाली.

मुनीमजीने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. तीही येते म्हणाली. थोरलीने नको म्हणून सांगितलं.

प्रयोगशाळेत दोघी शेजारी शेजारी बसल्या, रोज बसत तशा. काम नेहमीसारखंच वाटून घेतलं गेलं. धाकटीने काचपट्ट्या तयार करायच्या, रंग घालायचा, धुवायच्या, वाळवायच्या. थोरलीने सूक्ष्मदर्शकातून बघायचं आणि लिहायचं. पहिली काचपट्टी डब्यातल्या दह्याची होती. त्यात अपेक्षेप्रमाणे दोन प्रकार दिसले, काही काड्या आणि काही मण्यांच्या माळा. थोरलीचे स्वतःचे जंतू अगदी वेगळे, फांद्या फुटलेल्या बारीक धाग्यांसारखे. चूक होण्याचा प्रश्नच नव्हता.

मग बशा. काळी पहिली: काड्या, माळा. काळी दुसरी: माळा. थोरली पाहायची, एक रेघ मारायची, पुढची मागायची. पाच काळ्या, दोन लाल आणि एक निळी झाली. आठही बशांत दही होतं. ज्या पंधरा स्वच्छ दिसत होत्या त्यांच्याही काचपट्ट्या तिने करायला लावल्या. पंधराही स्वच्छ निघाल्या. खोलीत स्पिरिटचा आणि आंबट दह्याचा मिळून एक वास भरला होता आणि दोघींपैकी कोणी खिडकी उघडली नाही.

शेवटी राहिली ती कडेला चमकणारी काळी.

थोरलीने डोळा लावला. बराच वेळ चाकं फिरवली. मागे सरली, डोळे पुसले, पुन्हा वाकली. मग खुर्ची मागे ढकलली.

"मला काहीच दिसत नाहीये. सगळं पाण्यातून दिसल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली. "तू बघ."

"मी?"

"तू मोजलेलं कधी चुकत नाही. बघ."

धाकटी तिच्या जागेवर बसली. खुर्ची अजून गरम होती. तिने नजर स्थिर केली. धागे होते, जांभळे, नाजूक, फांद्या फुटलेले. तिने काचपट्टी सरकवली. धागे. पुन्हा सरकवली. धागेच. काचपट्टीचा अर्धा भाग झाला, पाऊण झाला. कडेचा तेवढा राहिला.

कडेला, दोन धाग्यांच्या बेचक्यात, एक माळ होती. छोटीशी, पाच-सहा मण्यांची. एकच. काचपट्टी केसभर इकडे सरकवली की ती नजरेआड होत होती.

धाकटीने ती सरकवली. माळ गेली. परत सरकवली. माळ आली.

"किती धरू?" थोरलीने विचारलं. तिने पेन हातात घेतलं होतं. तिचा आवाज अगदी साधा होता, भात किती टाकू असं विचारावं तसा.

मागच्या भिंतीशी इन्क्युबेटर घुमत होता. त्याच्या काचेवर तीसचा आकडा होता. धाकटीने सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला नाही.

"लाल सहा," ती म्हणाली. "निळ्या सात."

थोरलीने लिहिलं.

"काळ्या दोन."