उलटा-सुलटा पीळ

"नाना, चूक झाली म्हणा आन् मोकळे व्हा. शेठ काय खाऊन टाकणार नाही तुम्हाला!" चेतन बूट चढवत म्हणाला आणि कामावर निघून गेला. त्याच्या बापाने, शालिग्रामने, भिंतीकडे तोंड फिरवलं.

सुरतेतल्या लिंबायतच्या कारखान्यात दोऱ्याला पीळ देण्यात शालिग्रामचं आयुष्य गेलं होतं. जॉर्जेटला उलट्या आणि सुलट्या पिळाचे दोरे लागतात. ओळखायला एकाला हिरवट रंग देतात, दुसऱ्याला गुलाबी. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी परवा त्याने दोन्हींच्या बॉबिनी एकत्र केल्या आणि कापडाचे ताके नासले. शेठचा मुलगा कडाडला, "काका, बधानी सामे माफी मागो, नहीं तो घेर बेसो!" सगळ्यांसमोर माफी, नाहीतर घरी बसायचं.

त्याची बायको शोभाबाई नवी नवरी म्हणून अमळनेरहून सुरतेला आली तेव्हा हाच माणूस अंधारातही दोरा चिमटीत धरून पीळ सांगायचा. तिला त्याचं कोण कौतुक!

नात चंचल मोठ्याने अभ्यास करत होती. "टॉर्क म्हणजे फिरवणारं बल... आबा, हा शब्द तुमच्याच कामाचा आहे! मॅडम म्हणाल्या, लॅटिनमध्ये 'तोर्क्वेरे' म्हणजे पिळणं. त्यावरनं टॉर्क. टॉर्चरपण त्यावरनंच."

"टॉर्चर म्हंजे?" शालिग्रामने भिंतीकडचं तोंड वळवून विचारलं.

"छळ."

"दोन्हीस्नं मूळ एकच?"

"एकच."

मोरीत लुगडं पिळणारी शोभाबाई म्हणाली, "मंग आपलं काय येगळं शे? पिळणं आन् पिळवणूक."

चंचल हसली. शालिग्राम मात्र बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला. शोभाबाईचा जीव भांड्यात पडला. तिने भाकरी-ठेच्याचा डबा हातात दिला.

"माफी मांगाले जाऊ राहिनात ना?"

"चूक मन्ही शे. शेठले एकटाले सांगी येसू. पन सगळासमोर हात जोडाव नही."

तो गेला आणि ऊन अंगणात उतरायच्या आत परतला. शेठनेही तेच सांगितलं होतं: सगळ्यांसमोर माफी, नाहीतर घर. दुपारी तो उंबऱ्याशी बसला, डबा उघडला आणि कारखान्यातल्यासारखे तंतू पडू नयेत म्हणून एक हात डब्यावर आडवा धरून, मशीन कोणीतरी थोडा वेळच सांभाळणार असल्यासारखा भराभर घास घेऊ लागला.

शोभाबाईने पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ ठेवला.

"धीरे जेवा," ती म्हणाली.